कावेरीकांठचें मराठी गाणें

देशांतरास गेलेल्या मनुष्याचें स्वत्व कशांत असतें, हा प्रश्न आज केवळ तात्त्विक राहिलेला नाहीं. नाशिक शहरांत गंगापूर रोडला ज्या सुशिक्षित कुटुंबांची वस्ती आहे, त्यांपैकीं पुष्कळांचीं मुलें व नातवंडें आज अमेरिकेंत, इंग्लंडांत किंवा ऑस्ट्रेलियांत आहेत. महाविद्यालयें, कुसुमाग्रजांचें स्मारक आणि जवळून वाहणारी गोदावरी अशा या परिसरांत मराठीची उणीव कोणास भासत नाहीं. परंतु येथल्याच आजी-आजोबांस परदेशांतील नातवाशीं बोलतांना शब्दाशब्दाला अडावें लागतें, आणि मग ‘याचें मराठीपण टिकेल काय?’ ही चिंता घरोघर बोलून दाखविली जाते. तिच्यावरचे उपायहि ठराविक आहेत: रविवारची मराठी शाळा, गणेशोत्सव, वर्षांतून एखादें नाटक. उपाय चांगलेच आहेत. पण ही परीक्षा मराठी समाजानें पूर्वीं एकदां दिली आहे, आणि तीहि एक-दोन नव्हे, दहा-बारा पिढ्या दिली आहे, याचें स्मरण फारसें कोणी ठेवीत नाहीं. ती परीक्षा तंजावरची होय. आणि तेथील मराठ्यांनीं ती मुख्यतः गाण्याच्या आधारानें दिली, म्हणून तिचा येथें थोडा विस्तारानें विचार करावयाचा आहे.

तंजावरच्या मराठी राज्याची हकीकत थोडक्यांत अशी. गोदावरीच्या खोऱ्यांतील वेरूळ हें भोसल्यांचें मूळ गांव. शहाजीराजे विजापूरकरांच्या वतीनें कर्नाटकांत गेले, आणि त्यांचे तुकाबाईपासून झालेले पुत्र व्यंकोजी, म्हणजे शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधु, यांनीं १६७५-७६ च्या सुमारास कावेरीकांठचें तंजावर हस्तगत केलें. १६७७ सालीं दक्षिणेच्या स्वारींत शिवाजीमहाराजांची व त्यांची भेट झाली. आपल्याकडील पुस्तकांत तंजावरचा उल्लेख बहुधा या भेटीपुरता येतो आणि बंधूंच्या कलहाबरोबर संपतो. वास्तविक तें राज्य पुढें १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारें १८० वर्षें, नांवानें तरी चालू होतें. साताऱ्याची गादी १८४८ सालीं खालसा झाली. त्यानंतरहि सात वर्षें कावेरीच्या तीरावर भोसल्यांचें सिंहासन उभें होतें.

या राज्यकर्त्यांची स्थिति मोठी विलक्षण होती. मुलूख तमिळ, पूर्वीच्या नायक राजांच्या कारकीर्दीपासून दरबारची व संगीताची भाषा तेलुगु, पंडितांचा व्यवहार संस्कृतांत, आणि राजा, त्याचे सरदार, कारकून व पुरोहित यांच्या घरांत मात्र मराठी. हातीं सत्ता असलेल्या मूठभर लोकांनीं अशा वेळीं दोन मार्गांपैकीं एक धरावा, असा जगाचा सामान्य अनुभव आहे. एक तर आपली भाषा लोकांवर लादावी, नाहीं तर वाड्याच्या भिंतींआड ती सोवळ्यांत ठेवावी. तंजावरकर भोसल्यांनीं हिशेब-दप्तर मराठींत आणि मोडी लिपींत ठेविलें हें खरें. परंतु कलेच्या प्रांतांत त्यांनीं या दोहोंपैकीं एकहि मार्ग धरला नाहीं. ते शेजाऱ्यांचें गाणें शिकले, आणि त्या गाण्यांत आपली भाषा घातली.

व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनीं १६८४ ते १७१२ राज्य केलें. त्यांची कीर्ति मराठींत जितकी आहे, त्याहून तेलुगु वाङ्मयांत अधिक आहे. त्यांचा ‘पल्लकी सेवा प्रबंध’ हा तेलुगु गेय प्रबंध दक्षिणेंत आजहि मानला जातो. त्यांनींच ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हें मराठी नाटक रचलें, आणि ‘पंचभाषाविलास’ या नाटकांत तमिळ, तेलुगु, मराठी, हिंदी व संस्कृत अशा पांच भाषा एकाच रंगभूमीवर आणल्या. ज्याच्या राज्यांत पांच भाषा रोज कानांवर पडत, त्या राजास त्या पांचहि एका नाटकांत बोलवाव्याशा वाटल्या, यांत कवीच्या हौसेइतकेंच राजाचें शहाणपण आहे. त्यांचे बंधु तुळजाराजे (१७२८–१७३६) यांनीं ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहून दक्षिणेच्या संगीतशास्त्राची मांडणी केली. मराठी मातृभाषेच्या राजानें तमिळ मुलुखांत बसून कर्नाटक संगीतावर संस्कृतांत ग्रंथ लिहावा, हें उदाहरण एकटेंच या घराण्याची वृत्ति सांगावयास पुरेसें आहे.

तंजावरचीं हीं मराठी नाटकें वाचणाऱ्यास प्रथम चमत्कारिक वाटतात. त्यांचा घाट दक्षिणेंतील यक्षगानाचा आहे. पात्रांचा प्रवेश, संवाद, वर्णन, सर्व कांहीं ‘दरु’ नांवाच्या पदांतून चालतें, आणि त्या पदांचे राग कर्नाटक पद्धतीचे. भाषा आपली, पण तिची चाल परकी; जणूं आपल्या घरची मुलगी सासरचें लुगडें नेसून माहेरीं आलेली. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, आणि आपण मराठी रंगभूमीचा जन्म तेथें मानतों. सार्वजनिक रंगभूमीपुरतें तें म्हणणें योग्यच आहे. परंतु त्याच्याहि सुमारें दीडशें वर्षें अगोदर कावेरीकांठीं मराठी नाटक लिहिलें जात होतें, हें सांगावयास आपण विसरतों. आणि विसरण्याचें कारण इतकेंच कीं, तें नाटक आपल्या ओळखीच्या वेषांत नव्हतें.

या परंपरेंतील सर्वांत मनोवेधक पुरुष म्हणजे दुसरे सरफोजी राजे. त्यांचा जन्म १७७७ चा. तुळजाराजे दुसरे यांनीं त्यांस १७८७ सालीं दत्तक घेतलें. श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखालीं त्यांचें शिक्षण झालें. १७९८ सालीं ते गादीवर बसले. आणि दुसऱ्याच वर्षीं, १७९९ च्या तहानें, राज्यकारभार कंपनी सरकारच्या हातीं गेला. सरफोजींच्या वांट्यास तंजावरचा किल्ला, महाराज ही पदवी आणि नेमणूक एवढेंच उरलें. वयाच्या बाविसाव्या वर्षीं ज्याच्या हातून राज्य गेलें, पण राजेपण गेलें नाहीं, त्यानें आपण कोण आहों याचें उत्तर कोठें शोधावें? तलवारींत शोधण्याची सोय नव्हती. पुढचीं तेहतीस वर्षें त्यांनीं तें ग्रंथांत, विद्यालयांत व संगीतांत शोधलें.

१८०३ सालीं त्यांनीं तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठींत कोरविला. चोळ राजांनीं बांधलेल्या त्या प्रचंड देवालयांत, तमिळ शिलालेखांच्या शेजारीं, देवनागरींतील तो लांबलचक लेख आजहि वाचावयास मिळतो. त्याच काळांत त्यांनीं सरस्वती महाल ग्रंथालयाची मोठी वाढ केली, देवनागरी छापखाना काढला आणि मुलांसाठीं मराठी पुस्तकें छापविलीं. त्यांच्या तीर्थयात्रेवर मराठी लावण्या रचल्या गेल्या. शिलालेखांत आपला वंश सांगणारा हा राजा गाण्यांत मात्र वंशाचा अभिमान सांगत बसला नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. गाण्यांत त्यानें जें केलें, तें फार निराळें होतें.

कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा एक लोकप्रिय प्रकार. त्यांत विरहानें व्याकुळ झालेल्या नायिकेकडे डोंगरांत राहणारी एक कुरव जातीची स्त्री येते. आपल्या डोंगराचें, फिरस्तीचें, पाहिलेल्या देशांचें ती वर्णन करते, आणि हात पाहून भविष्य सांगते. सरफोजींच्या गौरवार्थ तमिळ कवीनें रचलेली ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ बृहदीश्वराच्या मंदिरांत होत असे. स्वतः सरफोजींनीं हाच सांचा घेऊन ‘देवेंद्र कुरवंजी’ मराठींत रचली. तींत ती डोंगरी स्त्री देवेंद्राच्या पत्नीस भूगोल सांगते. आणि तो भूगोल पुराणांतील सप्तद्वीपांचा नसून युरोपीय ग्रंथांतून आलेला, खंडांचा व देशांचा भूगोल आहे. घाट तमिळ, भाषा मराठी, देवता पौराणिक, ज्ञान युरोपचें! असें मिश्रण ऐकून एखादा शुद्धिप्रिय वाचक कपाळास आठी घालील. परंतु क्षणभर त्या राजाच्या जागीं उभें राहून पाहावें. मराठी ही त्याची आई, तमिळ ही त्याची भूमि, इंग्रजी ही त्याच्या शिक्षणाची खिडकी. यांपैकीं एकहि टाकून दिल्यास तो स्वतःचा उरत नाहीं. देवेंद्र कुरवंजी ही त्याची करमणूक असेल; पण त्याचें आत्मचरित्रहि तीच आहे.

सरफोजींच्या पदरीं पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चार बंधु होते. आज ज्यास आपण भरतनाट्यम् म्हणतों, त्याच्या कार्यक्रमाची क्रमवार मांडणी त्यांनीं घालून दिली. त्याच दरबारांत नृत्यासाठीं मराठी ‘निरूपणें’ रचलीं गेलीं. एकाच रागांत व तालांत गुंफलेल्या पदांची ती मालिका असे. किल्ल्यांत युरोपीय वाद्यांचा बँडहि वाजत होता. आणि तंजावरापासून थोड्याच कोसांवर, तिरुवैयारूस, त्यागराज (१७६७–१८४७) तेलुगु कीर्तनें रचीत होते. एवढ्या थोड्या जागेंत इतक्या भाषांचें संगीत एका वेळीं क्वचितच नांदलें असेल.

येथें एक आक्षेप संभवतो, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. हीं नाटकें व निरूपणें दरबारचीं होतीं. नाचणाऱ्या तमिळ, नाचविणारे गुरु तमिळ, आणि ऐकणाऱ्यांपैकीं किती जणांस मराठी कळत असे, कोण जाणे. राजाश्रयाच्या उबेंत वाढलेलें झाड राजाश्रय संपतांच वाळावयाचें. तेव्हां या गाण्यांनीं मराठीपण राखलें असें म्हणण्यांत अर्थ तो काय? या आक्षेपाचें उत्तर १८५५ नंतरच्या इतिहासानें दिलें आहे. त्या वर्षीं शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले आणि कंपनीनें उरलेंसुरलें राज्य खालसा केलें. दरबारी मराठी नाटक खरोखरच मागें पडलें. परंतु नेमक्या याच काळांत मराठी गाणें वाड्याबाहेर पडून तमिळ माणसाच्या घरांत शिरलें.

समर्थ संप्रदायाचे मठ तंजावरच्या मुलखांत पूर्वींपासून होते आणि कीर्तनाची ओळख तेथें नवी नव्हती. १८६० नंतरच्या दशकांत रामचंद्रबुवा मोरगांवकर हे महाराष्ट्रीय कीर्तनकार तंजावरास आले. त्यांचीं कीर्तनें ऐकून ज्यांचें जीवित पालटलें, त्यांत तंजावर कृष्ण भागवतर हे प्रमुख होत. पूर्वरंग, मग आख्यान. मध्येंच अभंग, ओंवी, साकी, दिंडी. एकट्यानें उभें राहून बोलणें, गाणें, अभिनय आणि विनोद, हें सर्व अखंड चालविण्याची मराठी कीर्तनकाराची रीति त्यांनीं आत्मसात केली. तींत त्यांनीं कर्नाटक संगीताचा भरणा केला, तमिळ निरूपण घातलें, आणि तमिळ हरिकथेस तिचें आजचें रूप दिलें. १९०३ सालीं ते वारले, तेव्हां त्यांची पद्धति साऱ्या तमिळ देशांत रूढ झालेली होती. पुढें सी. सरस्वतीबाई यांनीं, स्त्रियांस हें व्यासपीठ बंद असतां, विसाव्या शतकाच्या आरंभीं तें स्वपराक्रमानें उघडलें. साकी आणि दिंडी हीं नांवें आज महाराष्ट्रांतील पुष्कळ पदवीधरांस नीट सांगतां यावयाचीं नाहींत. तमिळ हरिकथेंत मात्र तीं नांवें व त्या चाली अजून चालतात. दक्षिणेकडील भजनपद्धतींत तुकोबांचे व नामदेवांचे अभंग गाइले जातात. आणि अरुणा साईराम यांच्यासारख्या कर्नाटक गायिकेनें मैफलींत अभंग आरंभिला, म्हणजे ज्यांस मराठीचा एक शब्द बोलतां येत नाहीं असे श्रोते ताल धरतात.

हा ओघ एकाच दिशेनें वाहिला असेंहि नाहीं. १८८० सालीं तंजावरच्या मोहिते घराण्यांतील कन्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची राणी चिमणाबाई झाली, आणि तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी व त्यांचे साथीदार बडोद्यास आले. त्या वेळीं बडोद्याचे दिवाण होते सर टी. माधवराव, तेहि कुंभकोणम् येथें जन्मलेले तंजावरी मराठी. अशा रीतीनें कावेरीकांठीं मराठ्यांच्या आश्रयानें वाढलेलें नृत्य एका मराठी दरबारांतच, पण गुजराथेंत, येऊन पोहोंचलें.

देशांतर, भाषा आणि गाणें यांचा हा संबंध केवळ आपल्याच इतिहासांत आहे असें नाहीं. ज्या नव्या गानप्रकारास आपलीं तरुण मुलें हिप-हॉप म्हणतात, तो १९७० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत, कृष्णवर्णीय व कॅरिबियन लोकांच्या गरीब वस्तींत, जन्मला. ताल धरून, यमकें जुळवून, वेगानें बोलत जाणें हें त्याचें मुख्य अंग. आपल्या शाहिरास तें अगदींच परकें वाटणार नाहीं. अमेरिकेंत वाढलेल्या कोरियन मुलांनीं तो उचलला. १९९२ सालीं लॉस एंजेलिस शहरांत दंगल होऊन कोरियन लोकांचीं असंख्य दुकानें लुटलीं व जाळलीं गेलीं. ज्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांशीं आपले संबंध इतके ताणले गेले होते, त्यांच्याच गाण्यांत आपलें म्हणणें मांडण्याचें धैर्य कांहीं कोरियन तरुणांनीं दाखविलें. सोल शहरांत जन्मून अमेरिकेंत वाढलेला, टायगर जेके या नांवानें प्रसिद्ध असलेला गायक त्यांतलाच. तो पुढें मायदेशीं परतला, आणि १९९९ सालीं ‘ड्रंकन टायगर’ या नांवानें त्यानें पहिला गीतसंग्रह प्रसिद्ध केला. शेजाऱ्याचा सांचा आणि आपली भाषा, हीच सरफोजींची युक्ति. राजा आणि रस्त्यावरचा पोर यांच्यांत अंतर मोठें आहे. परंतु दोघांपुढील प्रश्न एकच होता. दोन देशांचा असलेल्या मनुष्यानें एका देशाचें गाणें गाइलें, तर दुसऱ्या देशाचा अर्धा जीव मुका राहतो.

आतां जमेबरोबर खर्चाची बाजूहि पाहिली पाहिजे. तंजावरी मराठी आज मुख्यतः घरांत बोलली जाणारी बोली आहे. तिच्यांत जुन्या मराठीचे अवशेष आहेत, तसाच तमिळचा मोठा भरणा आहे. त्या घरांतील मुलें तमिळ किंवा इंग्रजी शाळेंत शिकतात. पुष्कळांस देवनागरी नीट वाचतां येत नाहीं. सरस्वती महालांतील मोडी कागदांचे ढीग वाचणारे लोक थोडे. एकेकाळीं जी राज्याची भाषा होती, ती आतां आजीशीं बोलण्याची भाषा उरली आहे. हरिकथेंतील साकी-दिंडीविषयींहि कोणी म्हणेल कीं, चाल मराठी असली तरी शब्द तमिळ झाले. मग त्यांत मराठी तें काय राहिलें? हा प्रश्न कठोर आहे, पण अन्यायाचा नाहीं. गाण्यानें भाषा वांचविली, असा दावा तंजावरच्या आधारें करतां येत नाहीं.

तथापि एवढ्यावरून शुद्धिवाद्यांचा पक्ष सिद्ध होतो असेंहि नाहीं. तंजावरास जें केवळ जपून ठेविलें गेलें, त्याची आजची दशा पाहावी. दप्तरांतील मोडी उघडण्यास तज्ज्ञ हवा. भिंतीवरचा वंशलेख देवळांत येणाऱ्या हजारों यात्रेकरूंपैकीं एखादाच वाचीत असेल. आणि जें दुसऱ्यास देऊन टाकलें, ज्यांत दुसऱ्याचें मिसळूं दिलें, तें तीनशें मैल दूरच्या खेड्यांतहि, मराठ्यांचें नांव ठाऊक नसलेल्या माणसाच्या तोंडीं, चालू राहिलें. भाषा आणि संस्कृति हीं एकमेकींस बिलगलेलीं असलीं तरी दोहोंचें आयुष्य सारखें नसतें. भाषा घरानें राखावी लागते. तिच्यासाठीं आईबापांनीं रोज मुलाशीं बोललें पाहिजे, आणि त्याला पर्याय नाहीं. पण मनुष्याचें आपलेपण त्याच्या नव्या शेजाऱ्यांस प्रिय होणें, हें काम गाणेंच करूं शकतें. आणि जें शेजाऱ्यास प्रिय झालें, त्याची लाज घरच्या मुलास वाटत नाहीं. परदेशांतील मराठी मुलांस आपली भाषा पुष्कळदां अवघड वाटते म्हणून नकोशी होत नाहीं, तर ती आपल्या मित्रांपुढें काढण्यासारखी वस्तु नाहीं असें वाटूं लागल्यामुळें होते. तंजावरच्या मराठी मुलास तसें वाटण्याचें कारण नव्हतें. त्याच्या बापाच्या अभंगावर तमिळ शेजारी डोलत होता.

म्हणून ज्यांचीं नातवंडें दूरदेशीं आहेत, त्यांनीं तेथील गाण्यांत मराठी शब्द ऐकून, किंवा मराठी ओंवीस परकी चाल लावलेली पाहून, एकदम ‘हें आपलें नव्हे’ असें म्हणूं नये. शहाजीराजांच्या दरूंस आणि सरफोजींच्या कुरवंजीस त्या काळच्या पुण्यानें कदाचित् असेंच म्हटलें असतें. आपल्या बाजूनेंहि एक ऋण फेडावयाचें आहे. तंजावरच्या मराठ्यांनीं तीन शतकें आपणांस विचारल्याशिवाय मराठी गाणें संभाळलें. आपल्या वाङ्मयेतिहासांत मात्र त्यांना एखाद्या तळटीपेची जागा मिळते. तीं नाटकें, तीं निरूपणें, त्या लावण्या छापील रूपांत उपलब्ध होत गेल्या आहेत. त्या आपल्या महाविद्यालयांत शिकविल्या जाव्यात, आपल्या रंगभूमीवर कर्नाटक रागांसह एकदां तरी ऐकूं याव्यात, आणि गोदावरीच्या तीरावरील कीर्तनाच्या एखाद्या उत्सवांत कावेरीकडचा हरिकथाकार बोलाविला जावा, ही अपेक्षा फार मोठी नाहीं. त्यानें तमिळ निरूपण करतां करतां दिंडी म्हटली, म्हणजे समोर बसलेल्या आजी-आजोबांस चाल ओळखावयास वेळ लागणार नाहीं.